मदत हवी आहे: सातेरीच्या दोन वसाहतींसाठी साहित्य

जावळी तालुक्यात सातेरी मधमाशीच्या दोन वसाहतींपासून सुरुवात करायची आहे. पावसाळा ओसरल्यावर त्या पेटीत येतील, त्याआधी साहित्य जमवायचं आहे.

पहिली अडचण पेटीची. बाजारात तयार मिळते ती बहुतेक दहा चौकटींची (ज्यांत माश्या पोळी बांधतात), मेलिफेरा या मोठ्या युरोपीय मधमाशीसाठीची. सातेरीला ती मोठी पडते. मेलिफेराच्या दोन पोळ्यांच्या मध्यांत सुमारे ३५ मिमी अंतर असतं, सातेरीला ३१-३२ मिमी पुरतं. मापं चुकली की माश्या चौकटींना जोडून आडवीतिडवी पोळी बांधतात आणि तपासणीत चौकट उचलली की पिलावा (अंडी-अळ्यांचा भाग) फाटतो. त्यामुळे सातेरीच्या मापाची, आठ चौकटींची 'ए' टाईप पेटीच हवी. साताऱ्याकडे अचूक मापात कोण बनवतं? लाकूड कुठलं वापरतात? पावसात फुगून झाकण अडकणारं नको.

मेणपत्राही (चौकटीत बसवायचा, घरांचे ठसे असलेला मेणाचा पत्रा) सातेरीच्या साच्याचाच लागेल. मेलिफेराच्या पत्र्यावरची घरं सातेरीला मोठी होतात. दोन पेट्यांपुरता थोडाच पत्रा कुणी देतं का?

माश्या शांत करायचं धुराडं, जाळीचा बुरखा, चौकटी सोडवायची पटाशी, माश्या झटकायचा ब्रश, राणी अडवायचं फाटक आणि मुंग्यांसाठी स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या, एवढं ठरलं आहे. सातेरी नव्या पेटीतून लवकर उडून जाते, म्हणून फाटक पहिल्या दिवसापासून लावायचं आहे. पण नव्या राणीचं मीलन झालं नसेल तर त्यासाठी तिला बाहेर उडता येणार नाही आणि तेच फाटक वसाहत बुडवेल. ते किती दिवस ठेवता?

पोळ्यातून मध काढायचं मधयंत्र पहिल्याच हंगामात घ्यावं, की शेजारच्या मधपाळाचं मागून चालेल?