कॉकटेल बनवायला शिकायचं तर पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

१९३० चं 'सॅव्हॉय कॉकटेल बुक' आधी घ्या, असं काहीजण सुचवतात. पुस्तक देखणं आहेच, पण कृती शेकड्यांनी आणि समजावणं अगदी थोडं. नवख्याने २०१८ चं 'कॉकटेल कोडेक्स' घ्यावं. मार्टिनी, डायकिरी अशी सहा मूळ पेयं आणि बाकीची त्यांची भावंडं, ही मांडणी डोक्यात बसली की पाठांतर लागत नाही. मी तसंच शिकलो.

कृतींमधल्या औंसांच्या मापांना घाबरू नका. एक औंस म्हणजे साधारण ३० मिली, आपला स्मॉल पेग. लिंबाचं मात्र नक्की बघा! दादरच्या मंडईतलं कागदी लिंबू म्हणजे पुस्तकातलं 'लाइम'. 'लेमन' ते मोठं पिवळं, क्रॉफर्ड मार्केटात शोधा.