मदत हवी आहे: रोगातून वाचलेल्या रोहूंपासून प्रतिकारक बीज तयार होईल का?

तळेकाठ
निफाड तालुका. शेततळं ३४ बाय ३४ मीटर, ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. जुलैत ६०० रोहू आणि ६०० कटल्याची बोटुकली सोडली, सगळी एकाच हॅचरीची. डिसेंबरअखेर पारा घसरला तसे अंगावर लाल चट्टे आले, पुढे खोल जखमा झाल्या. रोहू ७० उरले, ३००-४०० ग्रॅमचे. जखमा भरत आल्यात. हेच वेगळे ठेवून ब्रूडर (पैदाशीचे मासे) केले तर पिल्लं काटक निघतील का? दोन पावसाळे थांबायची तयारी आहे.

जिरेमोजणी
आधी एक हिशेब करा. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. म्हणजे तुमचे ६०० च्या ६०० एकाच मादीचे असू शकतात, फार तर दोन-तीन माद्यांचे. मग हे ७० वाचलेले सख्खी भावंडं असू शकतात. त्यांच्यातच जोड्या लावल्या तर पिल्लांत अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) एका फटक्यात २५ टक्के. वाढ खुंटते, वाकड्या पाठीची पिल्लं निघतात आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला ती तगण्याची ताकदच घटते.

पाणपारखी
मेले कशाने, हे कुठे ठरलंय? वर्णनावरून ईयूएस वाटतो, म्हणजे अफॅनोमायसिस या बुरशीसारख्या जीवाने होणारा जखमांचा रोग. पण एरोमोनास हा जिवाणूही जखमा करतो. द्राक्षपट्ट्यात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाणी उपसलं जातं. शेततळ्याच्या कडा उतरत्या, त्यामुळे पातळी खाली गेली की पृष्ठभागही आक्रसतो आणि त्याच माशांची दाटी होते. दुसरं, डावणी या द्राक्षाच्या रोगासाठी कॉपर (तांब्याचं औषध) मारून ब्लोअर, म्हणजे फवारणी यंत्र, तळ्याच्या काठावर धुणं. कॉपर माशांना घातक. तांब्याने मासे मेले असतील तर उरलेल्यांत रोगप्रतिकार शोधण्यात अर्थ नाही.

पुन्हा जखमा दिसल्या तर जिवंत किंवा नुकताच मरू घातलेला मासा निवडा. जखमेच्या मधला कुजका भाग नको, कडेचा तुकडा घ्या. एक १० टक्के फॉर्मेलीनमध्ये, एक शुद्ध अल्कोहोलमध्ये. कुजलेला मासा प्रयोगशाळेत नेऊन काही कळत नाही.

तळेकाठ
ब्लोअर खरंच तिथेच धुतला जातो. ते बंद करतो. पण मग जयंती रोहू वगैरे सुधारित वाण कसे झाले? तीही निवडच ना?

जिरेमोजणी
निवडच, पण कुटुंबावर. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेत सिफा या केंद्र सरकारच्या मत्स्यसंशोधन संस्थेने १९९२ पासून नॉर्वेच्या मदतीने काम केलं. पाच नद्यांचे रोहू आणि स्थानिक शेतीतले रोहू एकत्र करून पाया घातला. १९९७ मध्ये जयंती हे नाव मिळालं. ती निवड मुख्यतः वाढीसाठी होती, एरोमोनासविरुद्धची निवड नंतर जोडली गेली.

पद्धत थोडक्यात अशी. प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळ्या हापात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) वाढवायची. १०-१५ ग्रॅमची झाली की पोटात पिट टॅग टाकायचा, म्हणजे ओळख क्रमांक असलेली १२ मिलिमीटरची काचेची नळी. मग सगळी एका तळ्यात. प्रत्येक कुटुंबातले काही मासे बंदिस्त प्रयोगशाळेत मोजून जंतू टोचून तपासतात आणि कोणतं कुटुंब किती टिकलं ते पाहतात. टोचलेल्यांना ब्रूडर करत नाहीत, कारण वाचलेला मासा जंतू वाहत असू शकतो. चांगल्या कुटुंबातले न टोचलेले भाऊ-बहीण निवडतात. यासाठी चाळीस-पन्नास कुटुंबं तरी लागतात. शेततळ्यावर हे जमत नाही, आणि जंतू टोचायचा प्रयोग तर शेतावर करूच नका.

आणि एरोमोनाससाठी निवडलेला रोहू ईयूएसला टिकेल, असंही नाही. एक जिवाणू, दुसरा बुरशीसारखा जीव.

कोलवड
पण वाचलेल्यांत थोडे तरी काटक असतीलच की. शून्यापेक्षा बरं.

जिरेमोजणी
असतील. पण वाचलेला मासा खोल पाण्यात होता म्हणून वाचला, की अंगच्या गुणाने, हे दिसत नाही. या गुणाचा वारसाही कमीच उतरतो. थोड्या फायद्यासाठी अंतःप्रजनन कशाला घ्यायचं? ब्रूडर करायचेच असतील तर निदान २५ नर, २५ माद्या, तेही दोन-तीन हॅचऱ्यांतून. त्यावर पिढीमागे सुमारे १ टक्का अंतःप्रजनन, ते चालतं. ५ नर, २० माद्या घेतल्या तर परिणामी संख्या (पैदाशीच्या हिशेबात खरी मोजायची संख्या) १६ च होते (४ × ५ × २० भागिले २५), मग पिढीला ३ टक्क्यांच्या वर.

पाणपारखी
त्यापेक्षा बियाण्याची तुलना करा, हे तुमच्या हातात आहे. तुमच्या नेहमीच्या हॅचरीचे २०० आणि सुधारित वाणाचे २००, सारख्या वजनाचे, *एकाच तळ्यात*. दोन तळ्यांत टाकले तर पाण्याचा फरक मोजाल, वाणाचा नाही. एकाचा डावा पोटाखालचा पर मुळापासून कापा, दुसऱ्याचा उजवा. एकालाच कापलं तर जखमेचा तोटा एकाच्याच वाट्याला जातो. नंतर २ टक्के मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून सोडा. हिवाळा संपला की जाळं ओढून मोजा. १२० विरुद्ध ९० वाचले तर तो फरक खरा मानायला हरकत नाही. २०-२० मासे टाकून १२ आणि ९ मोजलेत, तर तो निव्वळ योगायोगही असतो.

तळेकाठ
यंदाच्या हिवाळ्यात रोग आलाच नाही तर?

पाणपारखी
मग फक्त वाढीचा फरक कळेल, तोही कामाचा. रोग मुद्दाम आणू नका. चट्टे दिसले तर सिफॅक्स या औषधाचा दर १ मीटर खोलीला हेक्टरी १ लिटर, तुमच्या तळ्याला मीटरमागे साधारण ११५ मिली. पाण्याची खरी खोली काठीने मोजा, कागदावरची नको.

तळेकाठ
पर कापायला कात्री कुठली?

जिरेमोजणी
टोक वाकलेली लहान सर्जिकल कात्री. मूळ ठेवलंत तर पर परत फुटतो, मार्चमध्ये डावा-उजवा ओळखू येणार नाही.