मदत हवी आहे: एका फुंकेत दोन सूर – जोडिया पावा आणि दुहेरी ओकारिना (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करतो आणि नऊ वर्षं बासरी शिकतोय. देवल क्लबातल्या मैफली ऐकत वाढलो, त्यामुळे तानपुऱ्याशिवाय सूर ही कल्पनाच मला कधी जमली नाही.

गेल्या हिवाळ्यात घरच्यांना घेऊन कच्छला गेलो होतो. तिथं एका वस्तीवर एक आजोबा जोडिया पावा वाजवत होते. तोंडात दोन पावे, प्रत्येक हात एकेका पाव्यावर. एक सूर धरून ठेवणारा, त्याला ते नर म्हणतात. दुसऱ्यावर चाल, ती मादी. श्वासासाठी थांबणं नाही. गालात साठलेली हवा बाहेर जात असतानाच नाकानं नवा श्वास आत. पाऊण तास मी जागचा हललो नाही. तानपुरा आणि बासरी एकाच माणसाच्या छातीतून येत होते. तेव्हापासून मला हे वाजवायचंय, आणि त्यासाठी हा धागा.

आधी पाव्याचं सांगतो. सिंध-पंजाबात याला अलगोजा म्हणतात, राजस्थानात सतारा. आपला अलगुज हा शब्द ऐकला की नातं कळतंच, पण आपल्याकडं अलगुज म्हणजे एकच नळी. पालघरकडच्या वारल्यांच्या तारप्याला दोन नळ्या असतात, पण त्यात जिभाळी (थरथरणारी पातळ पट्टी) असते, त्याचा आवाज निराळा. महाद्वार रोडवर बासऱ्यांची काठी खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या मामांकडून मी शिट्टीसारख्या तोंडाच्या दोन एकसारख्या बासऱ्या घेतल्या. एकीची भोकं मेणानं बुजवून सा तेवढा ठेवला. दोन्ही नळ्या दोऱ्यानं बांधल्या. पहिल्यांदा दोन्ही सा जुळले आणि सूर किंचित बिनसले की येणारी ती लहर थांबली, तेव्हा अंगावर काटा आला. पण फुंक जराशी वाढली की चालीची नळी टिपेला उडते, आणि कमी केली की धरलेला सा बसतो. हे नळ्यांमुळं होतंय की माझ्या फुंकेमुळं, हे मला सांगणारं इथं कुणी भेटलं नाही.

दुसरी वाट ओकारिनाची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही मातीची, आतून पोकळ, बंद पोटाची बासरी. इटलीत बोलोन्याजवळच्या बुद्रिओ गावात जुझेप्पे दोनाती यांनी १८५३ मध्ये तिला आजचं रूप दिलं; तिथल्या बोलीत नावाचा अर्थ ‘छोटी हंसीण’. बासरीत भोक कुठं आहे यावर सूर ठरतो. ओकारिनात एकूण किती भोक उघडं आहे आणि पोटात हवा किती मावते, यावर. त्यामुळं जोरात फुंकून वरचं सप्तक मिळत नाही, सूर फक्त चढतो. बारा भोकांच्या नेहमीच्या ओकारिनावर पांढरी एकचा (पेटीवरच्या C पट्टीचा) सा धरला तर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धपासून तार (वरच्या सप्तकातल्या) मपर्यंतच जाता येतं. म्हणून दोन-तीन पोटांच्या ओकारिना करतात.

आणि इथंच मी फसलो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘डबल ओकारिना’ मागवली. आली तेव्हा कळलं की दुहेरी म्हणजे दोन निराळ्या गोष्टी. एका प्रकारात दुसरं पोट फक्त वरचे सूर पुरवतं, पहिलं संपलं की तोंड सरकवून दुसऱ्यावर जायचं. दुसऱ्या प्रकारात डावा हात एका पोटावर, उजवा दुसऱ्यावर, आणि दोन्ही एकदम वाजतात. मला दुसरा प्रकार हवा होता, आला पहिला. शिवाय फोटोत दिसली नव्हती अशी बारीक चीर, फुंक मारली की तिथून हवा जाते. परत घेणार नाही म्हणाले. कुणी मागवणार असेल तर आधी दोन्ही पोटं एकदम वाजतानाचा व्हिडिओ मागा.

मग विचार केला, कुंभारांच्या गावात बसून माती बाहेरून का मागवायची? गंगावेशीकडं ओळखीचे एक कुंभारकाका आहेत. ते गणपतीच करतात, पण त्यांच्या मेव्हण्याचा गावाकडं आवा (मडकी भाजायची भट्टी) आहे. शाडू चालणार नव्हता, मडक्याची लाल माती घेतली. लिंबाएवढ्या दोन पोटांचा साचा मी लाकडात केला. फुंक जिथं धारेवर कापली जाते ती जागा काकांनी भिजल्या बांबूच्या कामट्यानं एका ओढीत कापली, मला तीन दिवसांत जमली नव्हती. ओलं असतानाच ट्यूनर लावून पांढरी एक मिळवली. भाजून आलं तर सूर जवळजवळ पांढरी दोन! बिडाला (ओतीव लोखंडाला) आम्ही शेकडा एक श्रिंकेज, म्हणजे गार होताना आकसणं, धरतो, मातीला तेवढंच धरून चाललो ही माझी चूक. शिवाय दोन पोटं सारखी आकसली नाहीत, त्यामुळं आपसातही बिनसलंय. भोक कानशीनं मोठं करून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही.

तर मला हवंय ते असं. कोल्हापूर, सांगली, मिरज भागात जोडपावा किंवा अलगोजा वाजवणारं, शिकवणारं कुणी आहे का? पट्टणकोडोलीच्या जत्रेत धनगरांकडं ढोल-कैताळ ऐकलं, पण दोन पाव्यांची जोडी दिसली नाही. शनिवार-रविवार मी कुठंही यायला तयार आहे. नाक-गालाची ती श्वासाची रीत कशी सुरू करावी? आणि मातीचं हे गणित कुणी केलंय का?

प्रतिसाद

दादा, मी भांडी करते, पावा वाजवत नाही, म्हणून मातीपुरतंच सांगते. त्याच मातीची पट्टी लाटा, ओली असताना तिच्यावर बरोबर १०० मिलिमीटरची रेघ मारा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर मोजा. प्रत्येक मातीचा आकडा वेगळा येतो. दोन्ही पोटांची भिंत सारख्या जाडीची आणि एकाच गोळ्यातली हवी, सावलीत हळू वाळवा, एकाच बाजूला ऊन लागलं की एक आधी आकसतं. भाजून आल्यावर सूर थोडा उतरलेलाच असेल असं मोजून करा, मग कानस तुमच्या हातात आहे.

श्वासाचं माझ्या भावाला सनईच्या गुरुजींनी शिकवलं ते असं: पेल्यात पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि बुडबुडे न थांबवता नाकानं श्वास घ्यायचा.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. पट्टी केली. वाळून ९४, भाजून ९१. म्हणजे सगळं मूळच्या ०.९१ पट, सूर जवळजवळ दीड-पावणेदोन अर्धस्वर (पेटीच्या लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर) चढणार, म्हणजे रेच्या जरा खाली. माझ्या पहिल्या तुकड्याशी हे जुळतं. नवा साचा त्या हिशेबानं मोठा केलाय, आणि सा धरणाऱ्या पोटाला एकच भोक ठेवलंय. त्याची फुंकनळीही वेगळी काढली, म्हणजे ओठाच्या कोपऱ्यानं थोडी दाबून फुंक कमी करता येईल. काका म्हणतात पाऊस उघडल्याशिवाय आवा लागणार नाही.

बुडबुडे सध्या चौथ्या श्वासाला तुटतात. शिकवणाऱ्यांचा शोध अजून चालू आहे. कुणाच्या गावात दोन पावे एकदम वाजवणारं कुणी असेल तर इथं गावाचं नाव लिहा, मी येतो.