मदत हवी आहे: एटीव्हीच्या प्लास्टिकवरचा जुना रंग काढून नवा मारायचाय, स्वस्तात

वाळूवरचा_बाबू
नमस्कार मंडळी. एटीव्ही आहे, म्हणजे चार जाड चाकांची उघडी गाडी, बॉडीचा रंग पापुद्रे धरून उडतोय. सगळा काढून नवा मारायचाय. कशाने काढू आणि वर कोणता मारू? बजेट दीड हजार, ताणून दोन. दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्यात, तेव्हा 'शोरूमला विचारा' छाप उत्तरं नकोत.

घासूनपुसून
गाडी कुठली? प्लास्टिक कुठलं? उडतोय तो रंग कंपनीचा की नंतर कुणी मारलेला? फोटो टाका.

वाळूवरचा_बाबू
चायनीज ११० सीसी. प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक, मडगार्डचं असतं तसलं. रंग कशाने काढायचा तेवढं सांगा ना.

नाना_गॅरेजवाले
रंग पातळ करायचं एनसी थिनर आणा, फडका भिजवा, पुसा. लोण्यासारखा निघतो. मग प्रायमर, दोन हात रंग, एक हात लॅकर. विषय संपला.

चाकण_पेंटशॉप
थांबा! नाना, पत्र्याला ठीक आहे. प्लास्टिक एबीएस जातीचं असेल तर थिनरने वरचा थर विरघळून चिकट होईल, मग तो पार्ट गेलाच. पॉलिप्रॉपिलीन (पीपी) किंवा पॉलिइथिलीन (पीई) असेल तर थिनरने फारसं काही होणार नाही, पण त्यावर साधा प्रायमर मारला की पहिल्याच हंगामात पुन्हा पापुद्रे. बाबूराव, मला वाटतं तुमचं तेच झालंय. पार्ट खोलून आतल्या बाजूला बघा, बाणांच्या मध्ये अक्षरं कोरलेली असतात.

नाना_गॅरेजवाले
आम्ही अक्षरं न वाचता अर्ध्या तालुक्याच्या गाड्या रंगवल्या.

टू_स्ट्रोक_प्रेमी
अक्षरं नाही सापडली तर एक तुकडा कापून पाण्यात टाका. तरंगला तर पीपी नाहीतर पीई, बुडाला तर एबीएस.

चाकण_पेंटशॉप
नेहमीच नाही. पीपीमध्ये टॅल्कची पूड मिसळलेली असली तर तेही बुडतं. बंपरमध्ये सर्रास असते. अक्षरं दिसली तर त्यांच्यावरच भरवसा ठेवा.

कोकणचा_पाहुणा
तुम्ही किनाऱ्यावर फिरवायला देता का या गाड्या? कासवांची अंडी असतात हो वाळूत. वेळासला, दिवेआगरला लोक रात्री जागून घरटी राखतात आणि दुसरीकडे ही चाकं.

वाळूवरचा_बाबू
कासवं येईपर्यंत हिवाळा लागतो, आणि आम्ही ठरवलेल्या पट्ट्यातच फिरवतो. मी रंगाबद्दल विचारलंय.

घासूनपुसून
म्हणजे धंद्याची गाडी, दिवसभर उन्हात. हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. आता आणखी एक सांगा, वर काही लावता का? पॉलिश, तेल?

वाळूवरचा_बाबू
सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी डॅशबोर्ड पॉलिश मारतो, चमकायला. त्याचं काय?

घासूनपुसून
त्याचंच सगळं! त्यात सिलिकॉन असतं. त्यावर रंग मारला की तो जागोजागी मागे सरकतो आणि गोल डोळे पडतात. आधी भांड्याचा साबण आणि गरम पाणी, मग आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. फडका दर वेळी नवा, नाहीतर तेच सिलिकॉन बॉडीभर फिरवाल. आणि हे सँडपेपरने घासायच्या आधी करा. नंतर केलंत तर ओरखड्यांत जाऊन बसतं.

नारळाच्या_वाडीतून
पॉलिशपेक्षा खोबरेल तेल लावा. काळं प्लास्टिक नव्यासारखं दिसतं, घरचं असतं.

घासूनपुसून
आणि वाळू चिकटते. शिवाय रंग मारायचाय त्याला तेल कुठे लावायला सांगता?

डॅलसचा_दादा
आमच्याकडे एटीव्हीचं प्लास्टिक कुणी रंगवत नाही, आख्खा नवा सेट मागवतात. रंग मुळातच प्लास्टिकमध्ये मिसळलेला असतो, वरून मारलेला नसतो. तुमच्याही गाडीत स्प्रेखाली मूळचा रंग असणार. तो बाहेर काढा आणि स्प्रेचा नादच सोडा.

टू_स्ट्रोक_प्रेमी
दादा, सेटच्या किमतीत इथे जुनी गाडी येते. पण मूळ रंगाचं पटलं. बाबू, सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर गनखाली धरा. ज्याला धड पकडच नाही तो रंग पाण्यानेच सुटतो. उरलेला जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा, सुरी नको. मग ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर (ओला घासायचा सँडपेपर), पाणी सोडत. कोरडा घासलात तर या प्लास्टिकला लव सुटते. शेवटी हीट गन लांबून, हात सतत हलता ठेवून. पांढुरकेपणा जातो, रंग वर येतो. एका जागी थांबलात की पार्ट वाकडा झालाच म्हणून समजा.

नाना_गॅरेजवाले
हीट गन विकत घेणार, मग बजेट कुठे राहिलं?

टू_स्ट्रोक_प्रेमी
प्लंबरकडून तासभर मागून आणायची, नाना.

आरटीओ_शंका
मुळात एटीव्हीला आपल्याकडे रस्त्यावर चालवायला नोंदणी मिळत नाही ना? मग रंग बदलला तर आरसीमध्ये नोंद कशी करणार?

घासूनपुसून
आरसीच नाही तर नोंद कसली?

वाळूवरचा_बाबू
खोललं. मडगार्डच्या आत पीपी लिहिलंय, हेडलाइटच्या काउलवर (आवरणावर) एबीएस. प्रेशर गनने मडगार्डचा रंग खरंच सोलून निघाला. खाली लाल आहे, चांगला आहे. पण मला निळाच हवा. शेजारच्याच्या सगळ्या गाड्या लाल, गिऱ्हाईक पैसे त्याच्याकडे देतं आणि बसतं माझ्या गाडीवर.

डॅलसचा_दादा
हे आधी सांगितलं असतंत तर मी टायपिंग वाचवलं असतं.

चाकण_पेंटशॉप
मग दोन भाग करा. काउल एबीएसचं, त्याला थिनर लावू नका. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी सोडत घासा, आयपीएने पुसा, ॲक्रिलिक स्प्रे नीट बसतो. मडगार्ड पीपीचं, त्याला प्लास्टिकसाठीचा ॲडहेजन प्रायमर लागणारच. नेहमीचा राखाडी प्रायमर चालणार नाही. डब्यावर पीपी लिहिलंय ना बघून घ्या. थर पातळ, आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच वरचा रंग. कारखान्यात बंपरवरून गॅसची ज्योत झरकन फिरवतात, त्यानेही पकड येते. पाणी मारल्यावर थेंब न होता सपाट पसरलं की जमलं. घरी करायचंच असेल तर पार्ट गाडीपासून आणि पेट्रोलपासून लांब न्या, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा.

नाना_गॅरेजवाले
एवढं करून पाय ठेवायच्या जागी महिन्यात घासला जाणारच. वाळू आहे ती.

चाकण_पेंटशॉप
हे मात्र नाना बरोबर बोलले. पाय लागतो तिथे लालच राहू द्या. निळं फक्त पुढचं मडगार्ड आणि काउल. लांबून तेवढंच दिसतं, आणि दोन हजारांत बसेल. दुपारी मारा. सकाळच्या दमट हवेत लॅकर पांढरट पडतो.

वाळूवरचा_बाबू
पुढचं निळं आणि मागचं लाल, हे पटतंय. पीपीवाला प्रायमर अलिबागला मिळेल की पनवेल गाठावं लागेल?

नारळाच्या_वाडीतून
माझ्या स्कूटरचं फूटबोर्ड पांढरं पडलंय. त्याला तरी खोबरेल चालेल का?

घासूनपुसून
वेगळा धागा काढा. बाबू, आधी गाड्यांचे रंग विकतात त्या दुकानात फोन करा, हार्डवेअरमध्ये नको. 'बंपरचा प्रायमर' म्हणून मागा.