परसातला लाल भोपळा: बी, भेसळ आणि बिघडलेले घारगे

धागा काढायचं कारण म्हणजे माझे घारगे बिघडले. वाईला आज्जीच्या परसात एक भोपळा व्हायचा, चपटा, खोल खाचांचा, आतून गर्द केशरी. त्याचं बी ती राखेत घोळवून डब्यात ठेवायची, तेच बी मी पुण्यात सोसायटीच्या मागच्या तुकड्यात लावत आले. तीन वर्षांपूर्वी हौस म्हणून शेजारी बटरनट, म्हणजे तो लांब मानेचा विलायती भोपळा, लावला. त्या वर्षी दोन्हीची फळं जशीच्या तशी, म्हटलं काही होत नाही. पुढच्या वर्षी आज्जीचं म्हणून ठेवलेल्या बियांचे तीन वेल आले, एकाला चपटी फळं, एकाला लांब मानेची आणि एक धड ना हे ना ते. आणि पाणचट! किस तुपावर वाफवला तर गूळ घालायच्या आधीच पातेल्यात पाणीच पाणी, मग कणीक घालत बसले घालत बसले, घारगे असे चिवट झाले की नवरा म्हणाला चपलेला लावू. तर बी कसं राखता ते लिहा. खाण्यापिण्याचं विषयांतर चालेल, उलट कराच.

*

ताई, त्या वर्षी फळ बदलत नाहीच, कारण गर आणि साल आईचीच असते, भेसळ आतल्या बीमध्ये होते आणि ती दिसते पुढच्या वर्षी. बटरनट आणि आपला नेहमीचा लाल भोपळा एकाच जातीतले, कुकुर्बिटा मोस्काटा, त्यामुळे मधमाशीने एकाचा पराग दुसऱ्यावर नेला की संकर होतो. मी असं करतो: संध्याकाळी वेलावर फिरायचं, उद्या उमलणारी कळी टोकाला पिवळी पडलेली असते. मादी कळीच्या खाली इवलासा भोपळा असतो, नराची नुसती दांडी. दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने बांधून टाकायची. सकाळी सातच्या आत नर तोडायचा, पाकळ्या काढायच्या, मादीचा दोरा सोडून आत परागकण नीट घासायचे आणि परत बांधायचं. देठाला लाल लोकर, म्हणजे भाजीला कुणी तोडत नाही. दहानंतर गेलात तर फुलं मान टाकतात, उपयोग नाही. आणि चारपाच फुलं तरी करा, निम्मी गळतातच.

*

आमच्या वेलाला फिकट भोपळे आले तर सासूबाई म्हणतात दुधीशी संकर झालाय 😄 खरंच होतो का?

*

नाही होत. कूळ एकच असलं तरी दुधीची प्रजाती वेगळी, फूल पांढरं आणि उमलतं संध्याकाळी. काकडीशीही होत नाही. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

*

गमतीच्या धाग्यात जरा गंभीर लिहितेय. ठाण्यात गच्चीवर मी झुकिनी लावली होती आणि त्याच्या शेजारी शोभेचे छोटे रंगीत भोपळे. झुकिनीचं बी धरलं, पुढच्या वर्षीची फळं दिसायला झकास आणि चवीला कडूजहर. मी थुंकलं, आमच्या ह्यांनी 'टाकायचं कशाला' म्हणून अर्धी वाटी भाजी खाल्ली आणि रात्रभर उलट्या-जुलाब, सकाळी सलाईन. तो कडूपणा शिजवून, मीठ लावून, कशानेही जात नाही. तेव्हापासून घरच्या बियांचं कुठलंही फळ आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघते, कडू लागला की सगळा वेल उपटायचा.

*

आमच्या विदर्भात याला कोहळं म्हणतात, आणि पेठ्याचं ते भुरं कोहळं, पुण्यात पहिल्यांदा बाजारात गेलो तेव्हा भाजीवाल्याशी यावरून चांगलं वाजलं होतं. घारग्यांपेक्षा बोंडं करून बघा. कोहळं गुळात शिजवून, कणीक घालून सैलसर भिजवायचं आणि हाताने तेलात सोडायचं, लाटायची थापायची भानगडच नाही, पाणचट कोहळंही खपून जातं.

*

न्यू जर्सीहून. इथे मेमध्ये थंडी संपेस्तोवर रोपं खिडकीत, मग अंगणात, मग ग्राउंडहॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) येऊन निम्मी खातो हे धरूनच चालायचं. कबोचा (जपानी भोपळा) लावला तर खोडात अळी शिरून एका आठवड्यात वेल झोपला, बाजूच्या बटरनटचं खोड भरीव असतं, तो तगला. घारग्यांना मात्र कबोचाच, कोरडा असतो, पाणी सुटत नाही. आणि फळ तोडल्या तोडल्या कापू नका! देठ सुकून लाकडासारखा झाला, सालीत नख रुतेना, की देठासकट काढायचं आणि काही आठवडे ठेवायचं, पिठूळपणा जाऊन गोडी चढते. माझा पहिला घारगा-प्रयोग याच घाईत फसला होता, धागाकर्त्या ताईंचंही कदाचित थोडं तसं असेल.

*

रत्नागिरीकडे आमचा वेल कोणी लावत नाही, गोठ्यामागच्या उकिरड्यावर आपोआप येतो. पण जुलैत पाऊस असा की मधमाश्या फिरकत नाहीत, छोटे भोपळे पिवळे पडून गळतात, मग मी छत्री घेऊन नर फूल फिरवत बसतो आणि रस्त्यावरचे थांबून बघतात. उरलेल्या नर फुलांची भजी. आधी झटकून घ्या, आत मुंग्या असतात.

*

महिन्याने धागा वर काढतेय. देठ हिरवा असताना तोडलं होतं, गुन्हा कबूल. वाईला मामीला फोन केला तर तिच्याकडे आज्जीच्या बियांची पुडी निघाली, बारा बिया, पाच रुजल्या, आता चार पानांवर आहेत. लाल लोकर आणून ठेवलीय, बटरनट यंदा नाही. पण समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून एक वेल खाली लोंबतोय आणि त्याला आत्ताच पिवळी फुलं दिसतायत, कसला आहे ते विचारायला आज संध्याकाळी जाणार आहे.