अनुभव धागा : समोर नसलेला संगणक

ज्या संगणकाला आपला हात पोहोचत नाही, त्यावर नेटवर्कमधून काम करणारी माणसे आता मराठवाड्यात गावोगावी आहेत. कुणी घरी बसून मुंबईतला सर्व्हर सांभाळतो, तर कुणी शेतातल्या आखाड्यावरून कार्यालयातले हिशेब उघडतो. सुरळीत चालल्याचे वृत्तान्त नकोत. जिथे अडलात, तेवढे सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करतो.

भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर फायरवॉल, म्हणजे कोणती जोडणी आत घ्यायची ते ठरवणारा पहारा, चालू करताना बाहेरून येणाऱ्या सगळ्या जोडण्या नाकारणारा नियम मी आधी लावला. एसएसएचचे (दूरच्या संगणकाला सांकेतिक रूपात आज्ञा देण्याच्या पद्धतीचे) २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कचे दार, उघडण्याचा नियम नंतर लावणार होतो आणि तो राहून गेला. खिडकी बंद करून पुन्हा जोडायला गेलो, तेव्हा सर्व्हरच्या लेखी मीही परका ठरलो होतो. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी संकेतस्थळावर आणीबाणीसाठी कन्सोल, म्हणजे थेट सर्व्हरच्या पडद्यापाशी जाण्याचा वेगळा मार्ग, दिला होता, म्हणून निभावले. आता फायरवॉलला हात लावण्यापूर्वी, दहा मिनिटांनी ती आपोआप बंद होईल अशी आज्ञा लावून ठेवतो आणि नव्या खिडकीतून प्रवेश मिळाल्यावरच ती रद्द करतो.

लातूर, करसल्लागार

विवरणपत्रांच्या दिवसांत रात्री घरूनही कार्यालयातल्या संगणकावर काम करता यावे, एवढीच माझी अपेक्षा होती. पहिला अडथळा विंडोजच्या होम आवृत्तीचा : तिच्यावरून दुसऱ्या संगणकाशी जोडता येते, परंतु रिमोट डेस्कटॉपने (दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणणाऱ्या सोयीने) तिच्यात शिरता येत नाही, त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. ती घेतली, राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट त्या संगणकाकडे वळवले, तरीही जोडणी होईना. दोन रात्री गेल्यावर राउटरला मिळालेला पत्ता नीट पाहिला, तर तो १००.६४ ने सुरू होत होता. म्हणजे इंटरनेट पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत होता आणि बाहेरून आलेली हाक माझ्या राउटरपर्यंत येतच नव्हती. हे एका परीने बरेच झाले, कारण ते पोर्ट जगाला उघडे ठेवणे म्हणजे पासवर्ड ओळखत फिरणाऱ्या यंत्रांना आमंत्रण देणे होय, हे मला पुढे कळले. शेवटी दोन्ही संगणक एका व्हीपीएनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून जोडलेल्या खासगी जाळ्यात, घेतले. त्यात दोन्हीकडून जोडणी बाहेरच्या दिशेने निघते, त्यामुळे पत्त्याचा प्रश्न उरला नाही.

विजेचा मात्र उरला. वीज जाऊन आली, इन्व्हर्टरने तेवढा वेळ दम धरला नाही, की संगणक बंदच राहायचा. इमारतीच्या रखवालदार मामांना फोन करावा, तर ते म्हणत, “सर, बटन दाबलं की वो, पन टीव्हीत काहीच दिसंना.” ते मॉनिटरचे बटण दाबत होते. पुढे बायोसमध्ये (संगणकाच्या विंडोजआधीच्या मूळ मांडणीत), वीज परतताच संगणक स्वतः सुरू व्हावा, ही सोय सापडली आणि मामांची सुटका झाली.

नांदेड, संशोधक विद्यार्थिनी

विभागातील संगणकावर एसएसएचने लावलेली अकरा तासांची आकडेमोड मोबाइलचे नेट क्षणभर गेल्यामुळे नवव्या तासाला मेली. टर्मिनल, म्हणजे आज्ञा देण्याची खिडकी, तुटले की त्यातून सुरू केलेले कामही सहसा थांबते, हे मला ठाऊक नव्हते. तेव्हापासून आधी त्या संगणकावर टीमक्स, म्हणजे टर्मिनल तिकडेच जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम, सुरू करते. जोडणी तुटली तरी काम तिकडे चालू राहते.

परभणी, संगणकशास्त्राचे अध्यापक

टेलनेट, म्हणजे दूरच्या संगणकाला उघड्या अक्षरांत आज्ञा देण्याची जुनी पद्धत, का सोडले, हे मी फळ्यावर सांगत नाही. प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याला टेलनेटने जोडायला लावतो आणि वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरून जाणारा मजकूर टिपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ती वाहतूक सर्वांना दाखवतो. वापरकर्त्याच्या नावाचे प्रत्येक अक्षर दोनदा दिसते, कारण सर्व्हर ते परत पाठवतो. पासवर्डची अक्षरे एकेकदाच, पण स्वच्छ वाचता येतात. वर्ग गप्प होतो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तेथील तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. ही हकिगत त्या शांततेतच सांगावी.

बीड, निवृत्त शिक्षक

माझा मुलगा पुण्याहून एका ॲपने माझ्या संगणकाचा ताबा घेऊन दुरुस्ती करतो, म्हणून त्यासाठी लागणारा पडद्यावरचा क्रमांक फोनवर वाचून दाखवण्याची मला सवय झालेली होती. त्याच सवयीने, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसालाही मी तो वाचून दाखवला. माउसचा बाण आपोआप फिरू लागला तेव्हा भानावर आलो आणि संगणकाशी न झटता थेट नेटची वायर उपटली. पैसे वाचले. अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. आता आमचा नियम असा आहे की मुलाला फोन मी लावायचा, येणाऱ्या फोनवर क्रमांक सांगायचा नाही.

जालना, लोखंडाच्या कारखान्यातील संगणक देखभाल

झोपण्यापूर्वी लॅपटॉप बंद करण्याची आज्ञा मी दिली. ती ज्या खिडकीत दिली, ती कारखान्यातल्या वजनकाट्याच्या संगणकाची होती. रात्रीचे बारा वाजले होते, काट्याच्या खोलीची किल्ली गेटवर नव्हती, आणि भरलेले ट्रक सकाळपर्यंत रांगेत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्या संगणकाच्या पडद्याची पार्श्वभूमी लालभडक केली आणि किल्लीची एक प्रत गेटवरच्या खिळ्याला टांगली.