खेळणं सुटलं म्हणून कोच होता येते का?

डावा_बॅक
मंडळी, सरळच विचारतो. मी नागपूरच्या फुटबॉल लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला 11 सीझन डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव, खेळलो. वरच्या डिव्हिजनचं तोंड एकदाही पाहिलं नाही. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, दोन वर्षांपूर्वी गावी परत आलो. वर्धा जिल्हा, बापाची साडेचार एकर, पराटी अन् तूर. आता गावचं मंडळ म्हणते, संघ तूच सांभाळ. तालुक्याचे पीटी सर म्हणतात, खेळणं वेगळं अन् शिकवणं वेगळं, याच्याजवळ ना डिग्री ना कोचिंगचं लायसन.

माझं मत असं की खालच्या लीगमध्ये घासलेला माणूस कोच म्हणून मोठ्या खेळाडूपेक्षा बरा. ज्याचा पाय आपोआपच बरोबर पडत गेला, त्याला तो कसा पडला हे सांगता येत नाही. मला वेग नव्हता, म्हणून समोरचा कुठे वळणार हे तो वळायच्या आधी हेरावं लागे. तेच मला शिकवता येते.

नावाजलेला जर्मन कोच युर्गन क्लॉप घ्या. जर्मनीच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या माइन्झकडून 11 वर्षं खेळला, आधी फॉरवर्ड, मग बचावात. फेब्रुवारी 2001 मध्ये खेळाडूचा थेट कोच झाला. 2004 मध्ये तोच क्लब पहिल्यांदा बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये गेला. बोला.

कास्तकार_पोट्टा
भाऊ, होऊन जा बिनधास्त. इथं दुसरा हाय कोण?

पीटी_मास्तर
तालुक्याचे पीटी सर म्हणजे मीच. नाव लिहिलं नाहीस याबद्दल आभार.

क्लॉपचं अर्धंच सांगितलंस. माइन्झकडून खेळत असतानाच तो फ्रँकफर्टच्या विद्यापीठात क्रीडाशास्त्र शिकत होता. 1995 मध्ये पदविका घेतली, म्हणजे कोच व्हायच्या सहा वर्षं आधी. आपल्याकडच्या हिशेबानं तो बीपीएडवालाच. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. तिथं पहिल्याच वर्षी समजलं की आपल्याला येतं आणि दुसऱ्याला शिकवता येतं यांच्यात मोठी दरी असते.

आता डिग्री बाजूला ठेवू. माझा आक्षेप दुसराच आहे आणि तो तुला माहीत आहे. मागच्या दिवाळीनंतरची स्पर्धा. सोयाबीन निघालेल्या वावरात मैदान, धुऱ्यावर सगळं गाव. 1-1, वीस मिनिटं बाकी. तू बदलीसाठी हात वर केलास, तो स्वतःसाठी. तुझ्या जागेवर खेळणारं अकरावीतलं पोरगं बाहेर आलं. त्यानं शिनगार्ड काढले, माती झटकली, एकात एक बसवले आणि तुझ्या पिशवीवर नेऊन ठेवले, कारण ते तुझेच होते. दहा मिनिटांत तुझ्याच बाजूनं गोल झाला. गोलाचं मला काही नाही, गोल कोणावरही होतो. पण त्या दिवशी संघ सांभाळायला माणूस नव्हता, एक जास्तीचा खेळाडू होता.

कास्तकार_पोट्टा
सर, वर्मावर हात ठेवला राजेहो. पण तुमच्या शाळेत पीटीच्या तासाले गणित काऊन घेतात, तेही सांगा एकदा.

पीटी_मास्तर
ते मुख्याध्यापकांना विचार.

पुण्यातला_वऱ्हाडी
डावा बॅक भाऊ, क्लॉपसारखी नावं सांगणं सोपं आहे. इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून 92 क्लब आहेत. म्हणजे मॅनेजरच्या, तिकडच्या मुख्य कोचच्या, खुर्च्याही तेवढ्याच. दरवर्षी खेळणं सोडणारे किती असतील याचा विचार करा. ज्यांचं जमलं त्यांची नावं आपल्याला माहीत, ज्यांचं नाही जमलं ते आज कुठं काय करतात हे कोण लिहितं?

आणि खेळलेलंच पाहिजे हाही एक गैरसमज. इटलीचा अरिगो साकी व्यावसायिक फुटबॉल एक दिवस खेळला नाही, बापाच्या कारखान्याचे जोडे विकायचा. त्याच्या मिलाननं 1989 आणि 1990, लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. उलटं उदाहरण गॅरी नेव्हिल. मँचेस्टर युनायटेडमध्ये सगळं जिंकलेला माणूस, डिसेंबर 2015 मध्ये व्हॅलेन्सियाचा कोच झाला आणि मार्चअखेर घरी. शंकरपटात जोडी हाकायला आधी बैल असावं लागत नाही.

कास्तकार_पोट्टा
पण बैलाच्या मागं आयुष्य तर काढा लागते ना जी. पुण्याचा माणूस बसवून पाहा एकदा छकड्यात.

कामठीवाला
आमच्या कामठीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथं फुटबॉल घराघरात आहे. ज्याचे गुडघे गेले तो दुसऱ्या दिवशी टचलाइनवर उभा राहून ओरडतो, त्यालाच आम्ही कोच म्हणतो. त्यानं चांगले खेळाडू घडले, आणि चुकीच्या सवयीही पिढ्यान्‌पिढ्या तशाच उतरल्या. माझ्या कोचनं मला शिकवलेलं हेडिंग चुकीचं होतं हे मला तिसाव्या वर्षी कळलं.

खालिद जमीलचं बघा. एअर इंडिया, महिंद्रा युनायटेड, मुंबई एफसी असा खेळत आला, दुखापतींनी कारकीर्द खाल्ली. 2009 मध्ये मुंबई एफसीचा कोच. मग मिझोरमचा ऐजॉल क्लब. तो संघ आदल्या वर्षी खाली घसरला होता, पुन्हा आत घेतला गेला, आणि यानं 2017 मध्ये त्याला आय-लीग या राष्ट्रीय लीगचा विजेता केलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये भारताचा मुख्य कोच. पण मधल्या काळात लायसनच्या एकेक पायऱ्या चढून तो प्रो लायसनपर्यंत गेला. डी लायसन, मग सी, बी, ए, शेवटी प्रो. भाऊ, तू डीची पायरी तरी चढ.

आणि पोटाची सोयही बघून ठेव. इंग्लंडचा नील वॉर्नॉक, खेळाडू म्हणून सगळी उमर खालच्या डिव्हिजनमध्ये, पायाची कुरपं काढायचं शिक्षण घेऊन ठेवलं होतं. पुढे मॅनेजर म्हणून 1987 मध्ये स्कारबरो क्लबला इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये चढवलं.

शिटी_फुंकणारा
पंचवीस वर्षं झाली रेफरी हाय. तुम्ही लोक क्लॉप अन् साकी करून राह्यले. आपल्याकडं मॅनेजर म्हणजे पाण्याची कॅन अन् लिंबं आणणारा! तिकडं म्हणे मॅनेजर संघ निवडते, खेळाडू घ्यायचे-विकायचे सांगते. इथं मॅनेजरनं चुन्याचं पोतं आणा लागते, टेम्पोवाल्याले डिझेलचे पैसे द्या लागते, अन् सामन्याच्या आदल्या रात्री गोलकीपरच्या बापाचे पाय धरा लागते.

खरी अडचण सांगू? वेचणी. दिवाळीनंतर स्पर्धा सुरू होतात, अन् तेव्हाच कापूस फुटते. मजूर भेटत नाही, वेचाईचे भाव वर जातात. घरचा पोट्टा कोण सोडते मैदानावर? मी असा सामना घेतला हाय का एका संघाचे सातच पोट्टे उतरले, बाकीचे वावरात. ज्या कोचले हे समजत नाही, त्याच्या लायसनची आपण काय पुंगळी करून वाजवाची? डावा बॅक स्वतः कास्तकार हाय, त्याले समजते. माझं मत त्याले. पण बूट घरी ठेवून ये लेका.

वर्धेची_ताई
मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. धाकटा भाऊ दुसऱ्या तालुक्यातल्या एका संघात दोन वर्षं बाहेर बसला. कोच मोठा खेळाडू होता म्हणे. दोन वर्षांत भावाला का घेत नाही हे एकदाही सांगितलं नाही. आता तो खेळत नाही, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. डावा बॅक दादा, त्या अकरावीतल्या पोराशी तुम्ही नंतर बोललात का?

डावा_बॅक
ताई, तुम्ही विचारलं म्हणून लिहितो.

सरांनी लिहिलं ते खरं आहे. धुऱ्यावरून लोक माझं नाव घेत होते, डोक्यात हवा गेली. गुडघा सकाळपासून ठणकत होता, पट्टा बांधून उतरलो. गोल झाला तो माणूस माझ्या बाहेरून गेला. पाच वर्षांपूर्वी मी त्याला जाऊ दिलं नसतं. त्या पोरानंही जाऊ दिलं नसतं.

ते पोरगं नंतर सरावाला आलं नाही. मी दोनदा त्याच्या वावरात गेलो. पहिल्यांदा ते कमरेला ओटी बांधून वेचत होतं, मी फुटबॉलचं काही काढलंच नाही, दोन ओळी त्याच्यासंगं वेचल्या अन् आलो. दुसऱ्यांदा त्यानंच विचारलं, दादा, माझं चुकत काय होतं? मी म्हटलं, काही नाही. त्याला ते पटलं नाही, कारण मग काढलं कशाला? याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

पण पुण्याच्या भाऊंना एक सांगतो. एडी हाऊ. इंग्लंडच्या बोर्नमथ क्लबकडून जवळपास सगळा खालच्या डिव्हिजनमध्ये खेळला, गुडघ्यानं खेळ संपवला, माझ्यासारखाच. 2008 सरता सरता त्याच्या हाती संघ दिला तेव्हा तो 31 वर्षांचा, अन् क्लबनं सीझन सुरू केला होता उणे 17 गुणांवर. पैशांच्या गोंधळाची शिक्षा म्हणून. तो संघ त्यानं वाचवला अन् 2015 मध्ये प्रीमियर लीगमध्ये, तिथल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये नेला. तुम्ही म्हणाल, हे पुन्हा जमलेल्यांतलंच नाव. हो, आहे. मला न जमलेल्यांची नावं माहीत नाहीत, त्याला मी काय करू?

पुण्यातला_वऱ्हाडी
ठीक आहे, पण हाऊनं पगारी नोकरी म्हणून केलं. तुम्हाला मंडळ काय देणार?

डावा_बॅक
टी-शर्ट.

शिटी_फुंकणारा
तोही मागच्या वर्षीचा. छातीवर जुन्या आमदाराचा फोटो असन.

पीटी_मास्तर
वावरात गेलास हे तू मला सांगितलं नव्हतंस.

माझा आक्षेप मी मागे घेत नाही. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमचं मैदान रिकामं असतं. सरावात मांडायचे 12 प्लॅस्टिकचे कोन आहेत, सहा चेंडू आहेत, त्यातल्या दोघांत हवा टिकत नाही. तू डी लायसनचा फॉर्म भर, मी खोलीची किल्ली देतो. आणि त्या पोराला घेऊन ये. त्याचं खरंच काय चुकतं ते आपण दोघं बघू. काहीतरी चुकतच असेल, अकरावीत आहे.

डावा_बॅक
फॉर्म भरतो सर. पण संघ मी निवडणार. निवडताना तुम्ही बोलायचं नाही.

पीटी_मास्तर
बोलणार.